भक्तिशब्दांची वही : तमिळ-संस्कृत जोड्यांपर्यंत आलेले काम

तमिळ वैष्णव आणि शैव परंपरेत रोज उच्चारल्या जाणाऱ्या शब्दांची जी वही मी करीत आहे, तिचा पहिला टप्पा, म्हणजे देऊळ, नैवेद्य, दर्शन आणि संबोधन यांचे शब्द, आता बहुतांशी हातावेगळा झाला आहे. वहीत आरंभी दोनच रकाने होते, शब्द आणि अर्थ. आता त्यांत तिसऱ्याची भर पडली असून त्यात तो शब्द कोण, कोणापुढे आणि कोणत्या प्रसंगी उच्चारतो हे लिहिले जाते. या तिसऱ्या रकान्यानेच कामाची दिशा बदलली. तमिळ शब्द आणि त्याच्या शेजारचा संस्कृत शब्द हे एकमेकांचे भाषांतर असावेत असे कोश चाळताना वाटते, पण भक्तांच्या बोलण्यात त्या दोघांनी कामे वाटून घेतलेली दिसतात. म्हणून यापुढे एकेरी शब्दांऐवजी जोड्या नोंदवायच्या असे मी ठरविले आहे.

आधी लिपीविषयी, कारण हे काम करणाऱ्या प्रत्येकाला तिथेच पहिली ठेच लागते. तमिळमध्ये क आणि ग, त आणि द, प आणि ब यांना एकेकच अक्षर असून महाप्राण (ख, घ, भ यांसारखी अक्षरे) मुळीच नाहीत. त्यामुळे ‘पावम्’ असे लिहिलेले दिसले तर तो ‘पाप’ही असू शकतो आणि ‘भाव’ही, आणि भक्तिकाव्यात दोन्ही ठायी ठायी येतात. ‘पत्ति’ म्हणजे भक्ती, पण ओळ किंवा परिच्छेद यालाही ‘पत्ति’च म्हणतात, आणि ती ‘पंक्ती’वरून आलेली आहे. मी वहीत अक्षरानुसारी लेखन ठेवले आहे आणि उच्चार कंसात देतो. देवनागरीत ऴ, ऱ आणि ऩ ही अक्षरे उपलब्ध आहेत, ती वहीत काटेकोरपणे वापरली आहेत. या नोंदीत मात्र ती फरक पडतो तेथेच दिसतील. मद्रास विद्यापीठाचा ‘तमिळ लेक्सिकन’ हा मोठा कोश आणि आपला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात, त्यामुळे दोन खिडक्या शेजारी उघडून काम करणे सोपे जाते.

संस्कृत शब्द तमिळमध्ये शिरताना कसा बदलतो याचे नियम तोलकाप्पियम या प्राचीन व्याकरणापासून चालत आले आहेत. त्यात शब्दांचे चार वर्ग सांगितले असून त्यांपैकी एक ‘वडसोल्’, म्हणजे उत्तरेकडचा शब्द, हा आहे. त्याने उत्तरेची अक्षरे टाकून तमिळ अक्षरे धारण करावीत अशी अपेक्षा आहे. आळवार म्हणजे तमिळ वैष्णव संतकवी; त्यांपैकी नम्माळवारांच्या तिरुवाय्मोळी या काव्यात विष्णूच्या बारा नावांवर रचलेले एक दशक आहे (पदांच्या दुसऱ्या शंभरातील सातवे), त्यात हा नियम प्रत्यक्ष चालताना पाहायला मिळतो. आपण संध्येत म्हणतो तीच केशव, नारायण, माधव ही नावे तिथे क्रमाने येतात, पण हृषीकेश तिथे ‘इरुडीकेसन्’ होतो आणि विष्णू ‘विट्टु’ होतो. दुसरे एक आळवार, पेरियाळवार, स्वतःचे नाव विष्णुचित्त असे न सांगता ‘विट्टुचित्तन्’ असे सांगतात. मराठी कानाला येथे विठू ऐकू आल्याखेरीज राहत नाही. विठ्ठल हा शब्द कानडीतून आलेले विष्णूचे रूप असावा असे मत रा. गो. भांडारकरांनी मांडले होतेच; तरीही मी ही नोंद ‘साम्य’ या खुणेखाली ठेवली आहे, ‘व्युत्पत्ती’ या खुणेखाली नाही, कारण दोन शब्द सारखे वाजणे आणि एकापासून दुसरा निघणे यांत बरेच अंतर असते.

‘कोयिल्’ ही मराठी वाचकाला सर्वांत जवळची वाटेल अशी नोंद आहे. ‘को’ म्हणजे राजा आणि ‘इल्’ म्हणजे घर. जुन्या तमिळमध्ये हा शब्द राजवाड्यालाही वापरतात आणि देवळालाही. आपल्याकडे ‘राऊळ’ हा शब्द ‘राजकुल’वरून आला आणि त्याने नेमका हाच प्रवास केला; त्याच्या शेजारचे ‘देऊळ’ मात्र ‘देवकुल’वरून थेट आले. देवाला राजा मानून त्याच्या घराला वाडा म्हणण्याची ही रीत दोन्ही भाषांत आपापली रुजलेली आहे. तिसऱ्या रकान्यात याहून मौजेची माहिती जमली. नुसते ‘कोयिल्’ म्हटले की वैष्णवाला श्रीरंगम् अभिप्रेत असते आणि शैवाला चिदंबरम्, तर वैष्णवांच्या बोलण्यात ‘तिरुमलै’ म्हणजे तिरुपतीचा डोंगर आणि ‘पेरुमाळ् कोयिल्’ म्हणजे कांचीचे वरदराज मंदिर होय.

‘पेरुमाळ्’ या शब्दात ‘पेरुम्’ म्हणजे थोर. उरलेल्या ‘आळ्’ला मी बरीच जागा दिली आहे, कारण क्रियापद म्हणून त्याचा अर्थ राज्य करणे आणि नाम म्हणून माणूस किंवा सेवक असा होतो. येथूनच ‘आळवार’ या शब्दाच्या जुन्या वादाकडे वळावे लागते. परंपरा या शब्दात ऴ मानते, आणि ‘आऴ्’ म्हणजे खोल बुडणे, म्हणून भगवंताच्या गुणांत बुडून गेलेले ते आऴ्वार. शिलालेखांतील रूपे तपासणाऱ्या काही अभ्यासकांच्या मते मूळ शब्दात ळ होता आणि अर्थ ‘स्वामी, अधिपती’ असा होता. ऴ हा नंतर, भक्तीला साजेसा म्हणून आला. मराठीत आपण पूर्वीपासून ‘आळवार’ असेच लिहितो, ते केवळ आपल्या वर्णमालेत ऴ रूढ नाही म्हणून, आणि तरी त्या वादात आपले लेखन दुसऱ्या पक्षाला जाऊन मिळते. ‘देवाला आळवतात ते आळवार’ ही मराठी माणसाला सहज सुचणारी फोड मात्र आकर्षक असली तरी निराधार आहे, कारण आपले ‘आळवणे’ संस्कृत ‘आलप्’वरून आले आहे आणि त्याचा या तमिळ धातूशी संबंध नाही.

आता जोड्यांकडे येतो. कामे वाटून घेणे म्हणजे काय हे ज्या नोंदीत सर्वांत स्पष्ट दिसते ती ‘अडियेन्’ आणि ‘दासन्’ यांची आहे. ‘अडि’ म्हणजे पाऊल, तळ. त्याला ‘-एन्’ हा प्रथमपुरुषी एकवचनी प्रत्यय लागतो, जो एरवी क्रियापदाच्या शेवटी येतो, त्यामुळे ‘पायांशी असलेला मी’ एवढे सगळे त्या एका शब्दात बसते. अनेकवचनात तो ‘अडियोम्’ होतो, आणि पेरियाळवारांच्या तिरुप्पल्लाण्डु या स्तोत्राचे दुसरे पद याच शब्दाने सुरू होते. श्रीवैष्णव, म्हणजे रामानुजाचार्यांच्या संप्रदायातला, मनुष्य वडीलधाऱ्यांपुढे किंवा आचार्यांपुढे ‘नान्’, म्हणजे मी, असे म्हणत नाही, ‘अडियेन्’ म्हणतो. समोरच्याला ‘देवरीर्’ असे संबोधतो. आणि स्वतःची ओळख देताना ‘अडियेन् रामानुज दासन्’ असे सांगतो. दोन्ही शब्दांचा अर्थ सेवकच, पण तमिळ शब्द सर्वनामाच्या जागी बसला आहे आणि संस्कृत शब्द नावाच्या. त्यांची अदलाबदल करता येत नाही.

क्रियापदांतही हीच गोष्ट आढळते. उत्सवमूर्ती गाभाऱ्यातून मिरवणुकीसाठी निघते तेव्हा ती ‘येते’ किंवा ‘जाते’ असे कोणी म्हणत नाही, ती ‘एळुन्दरुळुते’, म्हणजे उठून कृपा करते. ‘अरुळ्’ हे नाम म्हणून कृपा आणि क्रियापद म्हणून कृपा करणे असा दोन्ही अर्थांनी चालते, आणि मोठ्यांच्या प्रत्येक क्रियेला सहायक म्हणून जोडता येते. संस्कृतमधील अनुग्रह, कृपा आणि दया हे शब्द प्रवचनात आणि भाष्यात भरपूर येतात, पण व्याकरणातली ही जागा त्यांना मिळालेली नाही. देव झोपत नाही, तो ‘कण् वळर्’तो. आचार्य सांगतात त्या सांगण्याला ‘सादित्तल्’ म्हणतात, आणि हे क्रियापद संस्कृत ‘साध्’वरून घेतलेले असूनही या अर्थाने ते फक्त वैष्णवांच्या तोंडी आढळते. ‘सेवै’ म्हणजे मराठीत सेवा, पण श्रीरंगम् येथे ‘सेवै’ म्हणजे दर्शन, आणि ‘सेविक्क’ या क्रियापदात दर्शन घेणे, नमस्कार करणे आणि प्रबंधातील, म्हणजे आळवारांच्या पदसंग्रहातील, पदे म्हणणे या तिन्ही गोष्टी येतात. (कोशात शेजारीच दुसरे ‘सेवै’ आहे, ते तांदळाच्या पिठाच्या शेवयांचे. शोधताना दोन्ही एकत्र समोर येतात, तेव्हा सांभाळावे.)

स्वयंपाकघरातील शब्दांची नोंद करताना मला सर्वाधिक आनंद झाला. अय्यंगार (तमिळ श्रीवैष्णव ब्राह्मण) घरांत देवासाठी शिजविलेल्या अन्नाला ‘तळिगै’ म्हणतात, आणि जे शिजते ते आधी देवाला दाखवायचे असल्याने पदार्थांच्या नावांमागे ‘अमुदु’ लागतो. हा ‘अमुदु’ म्हणजे आपले अमृतच. भाजी ती ‘करियमुदु’, दही ते ‘तयिरमुदु’, खीर ती ‘तिरुक्कण्णमुदु’, आणि ज्याला सारा देश रसम् म्हणतो ते ‘सात्तमुदु’. या शेवटच्या शब्दाचे लेखन ‘साऱ्ऱमुदु’ असून त्यातील ‘साऱु’ म्हणजे रस किंवा सार. उच्चारानुसार शोधल्यास हा शब्द कोशात सापडत नाही, लेखनानुसारच शोधावा लागतो. ज्यांनी ही वाट धरली आहे त्यांनी ऱ्ऱ आणि त्त यांची सांगड आधीच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी.

तिरुपतीला किंवा आपल्याकडच्या बालाजीच्या देवळात जाऊन आलेल्या पुष्कळांच्या डोक्यावर पुजाऱ्याने क्षणभर एक धातूचा मुकुट टेकवलेला असेल. त्याला ‘शठारि’ किंवा ‘शठकोपम्’ म्हणतात आणि त्याच्या माथ्यावर देवाची पावले कोरलेली असतात. शठकोप हे नम्माळवारांचे नाव. ते देवाच्या चरणांचेच रूप आहेत अशी श्रद्धा असल्यामुळे त्या पादुकांना त्यांचे नाव मिळाले. ही साखळी पुढेही जाते: आळवारतिरुनगरी येथे नम्माळवारांच्या सन्निधीतील पादुकांना ‘रामानुजम्’ म्हणतात, आणि रामानुजांच्या सन्निधीतील पादुकांना त्यांचे शिष्य ‘मुदलियाण्डान्’ यांचे नाव आहे. ज्याचे पाय त्याच्या सर्वांत निकटच्या भक्ताचे नाव त्यांना द्यायचे, असा हा प्रघात आहे. ‘अडियेन्’च्या नोंदीतून या नोंदीकडे मी एक बाण काढून ठेवला आहे.

आण्डाळ या आळवार कवयित्रीच्या तिरुप्पावै या काव्याचे काम मी मार्गळी (डिसेंबर-जानेवारी) महिन्यातच हाती घेतले, कारण त्या महिन्यात तिची तीस पदे रोज एक याप्रमाणे सर्वत्र म्हटली जातात आणि तिरुमलैवरही पहाटे सुप्रभाताच्या जागी तीच ऐकू येतात. तीतला एकच शब्द मी खोलात जाऊन पाहिला, तो ‘पऱै’. त्याचा साधा अर्थ ढोल, चामड्याचे वाद्य. पहिल्याच पदात नारायणच आम्हाला पऱै देईल असे म्हटले आहे, आणि पुढे गोपी वारंवार तोच मागत राहतात. व्रतासाठी लागणारे वाद्य असा अर्थ घेऊन अठ्ठावीस पदे सरळ वाचता येतात. एकोणतिसाव्या पदात मात्र त्या स्वतःच सांगतात, ‘इऱ्ऱैप् पऱै कोळ्वान् अन्ऱु काण् गोविन्दा’, गोविंदा, आज मिळणारा पऱै घ्यायला आम्ही आलेलो नाही. आणि त्यानंतर, सात सात जन्म तुझ्याशीच नाते असावे, तुझीच सेवा करावी, आमच्या इतर इच्छा तू पालटून टाकाव्यास, असे मागणे येते. सेवेसाठी येथे ‘आट्सेय्वोम्’ हे पद आहे, म्हणजे वर आलेला सेवकवाचक ‘आळ्’च. पेरियवाच्चान् पिळ्ळै यांच्या मूवायिरप्पडि या भाष्याच्या परंपरेत ‘पऱै’ म्हणजे पुरुषार्थ, आणि तो पुरुषार्थ म्हणजे कैंकर्य, देवाची सेवा. तमिळ शब्द पदात, संस्कृत शब्द भाष्यात, अशी ही आणखी एक वाटणी. भाष्याच्या नावातील ‘पडि’ हे बत्तीस अक्षरांचे एकक आहे, पोथ्यांच्या शेवटी ग्रंथसंख्या मोजतात तसेच. मूवायिरम् म्हणजे तीन हजार.

शैव बाजूची पाने अजून विरळ आहेत. तिथे पाशुराऐवजी (आळवारांच्या पदाऐवजी) ‘पदिगम्’ आहे, ते म्हणणारे ‘ओदुवार’ आहेत, विभूतीला ‘तिरुनीऱु’ म्हणतात, आणि सिद्धांताचे पति (ईश्वर), पशु (जीव), पाश (बंधन) हे तिन्ही आधारशब्द मात्र संस्कृत आहेत. तिरुमंदिरम् या ग्रंथात ‘अन्बु’, म्हणजे प्रेम, आणि शिव हे दोन आहेत असे अजाण लोक म्हणतात, अशा अर्थाचे प्रसिद्ध पद आहे. ‘अन्बु’ आणि ‘पत्ति’ यांची जोडी लावण्यासाठी ते मी बाजूला काढून ठेवले आहे.

पुढचा टप्पा तंजावरचा. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत तेथे भोसल्यांचे राज्य होते आणि मराठी कीर्तनाचा ठसा तिथल्या हरिकथेवर उमटला. म्हणूनच तमिळ हरिकथाकारांच्या शब्दसंग्रहात साकी, दिंडी, ओवी आणि अभंग हे शब्द आजही छंदांची व रचनांची नावे म्हणून आढळतात, आणि ‘निरूपणम्’ हे तेथे एका स्वतंत्र रचनाप्रकाराचे नाव झाले आहे. वारकऱ्याची दिंडी आणि हरिकथेतली दिंडी यांना तमिळ लिपीत एकच रूप मिळते, ‘तिण्डि’, आणि सध्या माझ्यापुढे या नोंदीचे दोन भाग करावेत की एकच ठेवावी हा प्रश्न आहे. ज्यांच्याकडे तंजावरच्या कीर्तनपरंपरेतील जुन्या वह्या असतील त्यांनी त्यांत ‘साकी’ कशी लिहिली आहे, क एक की दोन, एवढे पाहून कळविल्यास ते पान पुरे होईल.