गिअरबॉक्स बदलला, पण क्लचचं पेडल पोकळच

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढून मॅन्युअल बसवायचं काम मी आणि धाकट्या भावाने मिळून केलं. जड कामं सुरळीत पार पडली. फ्लायव्हील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग सगळं नवीन. क्रँकच्या मागच्या तोंडाशी पायलट बेअरिंगही आठवणीने बसवलं, कारण ऑटोमॅटिकच्या इंजिनात ते बहुधा नसतंच. हा क्लच ऑइलच्या दाबावर चालतो, म्हणून शेवटी ब्रेक ऑइल भरलं, आतली हवा काढली आणि क्लच दाबला. पाय अर्ध्यापर्यंत नुसताच खाली गेला. पुढे थोडा जोर लागला, तोही स्पंज दाबल्यासारखा. इंजिन चालू ठेवून रिव्हर्स टाकायला गेलो तर करकर.

पेडल तीन-चारदा भराभर दाबलं की ते वर यायचं आणि जरा घट्ट लागायचं. दहा सेकंद थांबलं की परत पोकळ. ही हवेचीच खूण, म्हणून पुन्हा ब्लीडिंग केलं, म्हणजे निपल सैल करून ऑइलसोबत हवा बाहेर काढली. मग आणखी एकदा. पारदर्शक नळीतून एकही बुडबुडा येईना, तरी पेडल तसंच.

इथे माझ्या हातून दोन चुका झाल्या. पहिली म्हणजे तपासणी न करताच मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलणारा) बदलला. जुन्यात काही दोष नव्हता. पेडल दाबून मिनिटभर धरलं असतं तरी कळलं असतं: आतलं सील ऑइल सोडत असेल तर पेडल पायाखाली हळूहळू बसत जातं. माझं बसत नव्हतं. दुसरी चूक जास्त वाईट. पेडलची हालचाल वाढावी म्हणून मास्टरचा पुशरॉड (पेडल आणि पिस्टन यांच्यामधली दांडी) लांब केला. पुशरॉड आणि पिस्टन यांच्यात थोडी तरी मोकळीक हवी. ती संपली की टाकीकडे ऑइल परत जायचं बारीक भोक झाकलेलंच राहतं, ऑइल गरम होऊन फुगलं की दाब कोंडतो आणि पाय न लावताही क्लच सुटू लागतो. चढावर इंजिन ओरडायला लागलं, पण गाडी पळेना, तेव्हा हे लक्षात आलं. पुशरॉड त्याच दिवशी पूर्ववत केला.

मग पायाच्या अंदाजावर विसंबणं सोडलं आणि मोजायला बसलो. माझ्या पेडलचं गुणोत्तर 6:1, म्हणजे पेडल 150 मिलिमीटर गेलं तर मास्टरचा पिस्टन 25 सरकतो. मास्टरचा बोअर (आतला व्यास) 5/8 इंच. स्लेव्हचा, म्हणजे त्या ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या दुसऱ्या सिलिंडरचा, 3/4. क्षेत्रफळांचा हिशेब केला तर मास्टरच्या 25 ला स्लेव्हवर साधारण 17.4 मिलिमीटर यायला हवेत. थोडी तूट धरायचीच, कारण सुरुवातीला टाकीकडचं ते बारीक भोक बंद होईपर्यंत दाब तयार होत नाही आणि रबरी होजही किंचित फुगते. स्लेव्हच्या पुशरॉडवर व्हाइटनरचा ठिपका दिला, शेजारी पट्टी धरली आणि भावाला क्लच दाबायला सांगितलं. ठिपका सरकला 8 मिलिमीटर. निम्म्याहून जास्त हालचाल वाटेतच गायब होत होती. गाडीखाली आडवा पडून तो ठिपका बघताना पहिल्यांदा वाटलं, आता हा दोष सापडणार.

मग जागा बदलल्या. मी पेडलवर, भाऊ बॉनेटखाली टॉर्च घेऊन.

"दादा, थांब. परत दाब. हा पत्राच पुढे येतोय बघ!"

फायरवॉलचा (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीचा) पत्रा मास्टरसकट जवळपास 3 मिलिमीटर पुढे ढकलला जात होता. मास्टर लावलेल्या जागी मागून आधाराची पट्टी नव्हती. ऑटोमॅटिक गाडीत तिथे कधी जोर पडलेलाच नव्हता. जाड पत्र्याची प्लेट आतून लावून बोल्ट कसले. ठिपका आता 10 वर गेला. पुढचे गिअर पडू लागले, रिव्हर्स मात्र अजून घासत होता.

उरलेली तूट शोधायला होज चिमटायची युक्ती कामाला आली. पेडल वर असताना गोल जबड्याच्या क्लॅम्पने स्लेव्हजवळ होज दाबली आणि मग क्लच दाबून पाहिला. पेडल दगडासारखं घट्ट! म्हणजे मास्टर, पाइप आणि क्लॅम्पपर्यंतची होज ठीक होती. दोष क्लॅम्पच्या पुढे, स्लेव्हमध्येच.

तेव्हा स्लेव्हकडे नीट बघितलं. त्याला दोन भोकं, एक होजसाठी, एक ब्लीड निपलसाठी, आणि दोन्हींचे आटे सारखेच. होज सहज पोचते म्हणून मी ती वरच्या भोकात लावली होती आणि निपल खालच्या. हवा तर नेहमी वर जमणार! खालच्या निपलमधून मी इतके दिवस फक्त ऑइल काढत होतो, बुडबुडा आपल्या जागी सुखरूप.

जोडणी अदलाबदल करायच्या आधी खात्री करून घेतली. स्लेव्हचे दोन बोल्ट काढले, पुशरॉड आत ढकलून तारेने घट्ट बांधला (हे विसरू नका, नाहीतर पेडल दाबताच पिस्टन बाहेर उडतो) आणि निपल सगळ्यात उंच येईल असा स्लेव्ह उलटा धरला. भावाने पेडल दाबलं, मी निपल पाव फेरा सैल केलं. नळीत आधी स्वच्छ ऑइल आलं, मग गुडगुड करत एक लांबलचक बुडबुडा, बोटाच्या पेराएवढा. नंतर ठिपका 10 वरून 16 वर गेला; ही 6 मिलिमीटरची तूट म्हणजे हिशेबाने 2 मिलिलिटरपेक्षाही कमी ऑइल. एवढ्याशा हवेपायी आम्ही दोन आठवडे झुंजत होतो.

नंतर निपल वर, होज खाली असं कायमचं बसवलं. त्यासाठी लोखंडी पाइप थोडा वाकवून घ्यावा लागला. सांडलेलं ब्रेक ऑइल लगेच भरपूर पाण्याने धुतलं, कारण ते रंग उचलतं. पुन्हा ठिपका, पुन्हा पट्टी: 16 मिलिमीटर. इंजिन चालू केलं, क्लच दाबला, तीन सेकंद थांबून रिव्हर्स टाकला. गिअर आवाज न करता बसला. भावाने खाली वाकून विचारलं, "पडला का?"