भाजीला नको, कपाटात असू दे

नांदेडला पाहुणे आले की त्यांना गुरुद्वाऱ्यात न्यायचं हे ठरलेलंच. दर्शन होतं, लंगर होतो, आणि मग पाहुण्यांची पावलं आपसूक बाहेरच्या दुकानांकडं वळतात. कडे, कंगवे, किरपाणी, भिंतीवर ओळीनं टांगलेल्या तलवारी. लहान पोरं तलवारीसमोरून हलत नाहीत. मोठी माणसं तलवारीचा भाव विचारतात, हसतात आणि हमखास एखादा छोटा चाकू घेऊन घरी जातात. तो पुढं काय कापतो? काही नाही. टीव्हीच्या बाजूच्या काचेच्या कपाटात, लग्नात मिळालेल्या घड्याळाशेजारी त्याची नेमणूक होते.

मला चाकूंचं वेड नाही, पण चांगल्या पात्याची चाड आहे. म्हणून असा बसून राहिलेला चाकू दिसला की जीव तुटतो.

आमच्या ओळखीत एक निवृत्त अभियंते आहेत, सगळे त्यांना सर म्हणतात. त्यांच्याकडं चाकूंचं आख्खं कपाट आहे. नेपाळची खुकरी आहे, खटक्यानं उघडणारा रामपुरी आहे, आणि लाकडी मुठीचा फ्रेंच ओपिनेलही आहे. सर तो सुती कापडात धरून दाखवतात. बोटाच्या घामातल्या मिठानं पात्यावर डाग पडतो, हे त्यांचं म्हणणं खरंही आहे. मी एकदा विचारलं, "सर, यानं कधी काही कापलं का?" सर म्हणाले, "अरे, कापायला घरात दुसरे आहेत की!"

ते दुसरे मी पाहिले आहेत. प्लॅस्टिकच्या मुठीचा, आठवडी बाजारातून आणलेला एक चाकू, ज्यानं टोमॅटो कापला जात नाही, नुसता दबतो. वहिनी तो कपाच्या बुडाच्या खरबरीत कडेवर घासून वेळ मारून नेतात. घरातलं सगळ्यांत धारदार पातं कुलपात आणि सगळ्यांत बोथट पातं ओट्यावर, ही व्यवस्था फक्त सरांच्याच घरी आहे असं कुणी समजू नये.

गंमत म्हणजे सरांचा तो ओपिनेल मुळात शेतकऱ्याचा चाकू. जोझेफ ओपिनेल यानं 1890 साली फ्रान्सच्या साव्वा या डोंगराळ भागात तो बनवला. खिशात मावणारा, स्वस्त, पाव-चीज कापायचा आणि फांदी तासायचा. स्विस लष्करानं 1891 साली जो घडीचा चाकू घेतला, तोही शिपायानं डबा फोडावा आणि बंदुकीचे स्क्रू सोडवावेत म्हणून. म्हणजे आज काचेआड बसलेल्या अनेक चाकूंचे पूर्वज अंगावर मळ घेऊन राबलेले आहेत.

"वापरला की खराब होतो," हे कपाटवाल्यांचं पहिलं वाक्य असतं. पोलादाच्या बाबतीत ते निम्मंच खरं आहे. न गंजणारं पोलाद तसं अलीकडचं. शेफिल्डचा हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या आतून झिजू नयेत म्हणून मिश्रणं करून बघत होता, त्यातून 1913 साली ते हाती लागलं. अशा पोलादात साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असतं. त्याआधीचं साधं कार्बनचं पोलाद गंजतं, पण धार सुरेख घेतं. आणि ते जितकं वापरावं तितका त्याच्यावर एक काळसर-निळसर थर धरतो. कांदा, लिंबू, कैरी यांच्या आंबटपणानं येणारा हा थर तांबड्या गंजाला बऱ्यापैकी अडवतो. उन्हाळ्यात लोणच्याच्या कैऱ्या फोडून द्यायला बाजारात बसणाऱ्या बायांची पाती पाहा. काळी कुळकुळीत, फक्त धारेची रेघ चांदीसारखी. दिवसभर कैरीच्या रसात भिजणाऱ्या त्या पात्याला तांबडा ठिपका दिसणार नाही. उलट हौसेनं चामड्याच्या म्यानात घालून वर्षभर ठेवलेला चाकू काढून बघा. चामडं ओलावा धरून ठेवतं, कमावताना वापरलेली द्रव्यंही त्यात असतात, आणि पात्यावर बारीक खड्डे पडलेले असतात.

तेल लावून ठेवतो म्हणाल, तर त्यातही एक मेख आहे. आपल्याकडं करडईचं तेल हाताशी असतं. पण करडईचं तेल हवेत वाळतं, म्हणून तर ते रंगातही वापरतात. पात्यावर काही महिन्यांत त्याचा चिकट पापुद्रा होतो. खोबरेलाचा एक थेंब बरा. रोज कापून, धुऊन, पुसून ठेवलेल्या चाकूला तोही क्वचितच लागतो.

चांगला चाकू महागच असतो असंही नाही. आमच्याकडं घिसाड्यांची पालं पडतात तेव्हा बघावं. बाजाराच्या कडेला भाता, ऐरण, कोळसा. पुरुष सांडशीत तापलेलं लोखंड धरून फिरवतो आणि बाई उभी राहून घण घालते. तिचा नेम चुकताना मी पाहिला नाही. लोखंड कुठलं, तर भंगारातल्या ट्रकच्या कमानीचा पाटा. हे पाट्याचं पोलाद कसलं ऐऱ्यागैऱ्या जातीचं नसतं. शंभरात अर्ध्याच्या थोडं वर कार्बन, जोडीला मॅंगनीज, सिलिकॉन किंवा क्रोमियम, आणि वर्षानुवर्षं खड्ड्यांतून वाकून पुन्हा सरळ होण्याची चिवट सवय. परदेशातले नामांकित चाकूकार ज्या 5160 नंबरच्या पोलादाचे गोडवे गातात, तेही गाडीच्या कमानीचंच. फक्त तिकडं त्याला नंबर आहे आणि इकडं घासाघीस. बीडकडून ऊसतोडीला निघालेल्या माणसाच्या हातातला कोयता बहुधा याच कुळातला असतो, आणि तो कपाटात ठेवायची चैन कुणाला परवडत नाही.

या अवजारांना मान नसतो असं मात्र नाही. खंडेनवमीला विळे, खुरपी, कुऱ्हाडी, अडकित्ते सगळे घासूनपुसून पाटावर मांडले जातात, हळद-कुंकू, फुलं वाहिली जातात. त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही. माझी आत्या तर त्या दिवशी भाजीही आदल्या रात्री चिरून ठेवते. दुसऱ्या दिवशी सोनं लुटून झालं की तीच खुरपी पुन्हा सोयाबीनच्या वावरात.

आता इतकं बोलल्यावर सरांच्या बाजूचंही सांगायला हवं, कारण ती बाजू लंगडी नाही. नांदेडहून भैंसामार्गे निघालं की निर्मल लागतं आणि तिथून गोदावरीपलीकडं निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचं गाव आहे. हा सगळा मुलूख तेव्हा आपल्यासारखाच निजामाच्या राज्यात. या पट्ट्यात बंद मुशीत लोखंड वितळवून उक्कू पोलाद बनायचं, ज्याला जग वूट्झ म्हणतं. हेन्री वॉइसी या इंग्रज भूवैज्ञानिकाचं टिपण 1832 साली छापलं गेलं. त्याला कोनासमुद्रममध्ये पोलाद न्यायला आलेला इस्फहानचा व्यापारी भेटला होता. दमास्कस म्हणून नावाजलेल्या, पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटणाऱ्या तलवारींचं पोलाद असं आपल्या शेजारून जात होतं. पुढं ती विद्या बुडाली. वापरणाऱ्यांनी तलवारी वापरून, मोडून, वितळवून संपवल्या. ज्या उरल्या त्या कुणीतरी कपाटात ठेवल्या म्हणून. त्यातलीच 17व्या शतकातली एक बर्नच्या संग्रहालयात होती. तिचा छोटासा तुकडा ड्रेस्डेनच्या शास्त्रज्ञांनी तपासला आणि 2006 साली त्यात कार्बनच्या नॅनोनळ्या, म्हणजे अतिसूक्ष्म नळ्या, आढळल्याचं प्रसिद्ध केलं. तेव्हा जुनं, पुन्हा न होणारं पातं ज्यानं जपलं त्याला माझा नमस्कार. माझं भांडण आहे ते कारखान्यात आजही रोज निघणारा चाकू खोक्यासकट जपणाऱ्यांशी.

जपणुकीचा नमुनाही गावातच आहे. आमच्या गुरुद्वाऱ्यात, म्हणजे हजूर साहिबमध्ये, गुरू गोविंदसिंहजींची शस्त्रं आहेत. संध्याकाळी ती संगतीला एकेक करून दाखवतात, आणि दिवाळीच्या सुमारास गोदावरीचं पाणी आणून तख्त धुतात तेव्हा शस्त्रंही स्वच्छ होतात. तिथं शस्त्रांना रोज कुणाचा तरी हात लागतो, रोज कुणाची तरी नजर पडते. खोक्यात विसरलेल्या चाकूशी याची बरोबरी करू नये.

संग्रहवाल्यांसाठी एक कोपऱ्यातली गोष्ट. आपल्या शस्त्र कायद्यात नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं धारदार शस्त्रांत मोडतं. पण घरकामासाठी, शेतीसाठी बनवलेलं त्यातून वगळलं आहे. म्हणजे सरकारही पात्याला विचारतं ते हेच, की बाबा, तू काम कुठलं करतोस? सरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच टेप काढून खुकरी मोजली. नंतर काय केलं ते त्यांनी सांगितलं नाही.

पुण्यात नोकरीला असलेला माझा भाचा कंपनीच्या कामानं जपानला गेला आणि माझ्यासाठी तिथला चाकू घेऊन आला. खोकं उघडल्याबरोबर घरातून आवाज आला, "भाजीला नको, कपाटात असू दे." मी ऐकलं नाही. तो ओट्यावर आला आणि कांद्याचं रडणं कमी झालं. जपानी पातं बहुधा एका बाजूला पंधरा अंशांच्या आसपास घासलेलं असतं, युरोपी वीसच्या. त्यामुळं कांदा चिरडत नाही, कापला जातो. सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याला मात्र हा चाकू मी देत नाही. ठिणग्या उडेपर्यंत कोरडं घासलं की पातळ धार तापून निळी पडते आणि तिचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. हजार नंबरचा दगड पाण्यात भिजवून मीच बसतो.

मागं आत्या आली होती. चाकूची कीर्ती तिच्या कानावर गेली होतीच. आल्या आल्या तिनं पिशवीतून शेतातलं काशीफळ काढून माझ्यापुढं ठेवलं.

"हे काप बरं तुझ्या जपानी चाकूनं."

"यानं नको आत्या. पातं लई कडक आहे, टणक सालीत अडकून पिळलं की टवका उडतो."

"मग कामून आणलास रे? नुसतं बघायला?"

मी कडकपणा, ठिसूळपणा, कडकपणा मोजणारा साठच्या वरचा रॉकवेल आकडा असं काहीतरी सांगू लागलो, तोवर भाचा मागच्या दारी जाऊन पाट्याचा कोयता घेऊन आला होता. आत्यानं एका घावात काशीफळाची दोन भकलं केली, बी काढलं, फोडी पाडून साल काढली आणि ताट माझ्याकडं सरकवलं.

"हं, आता चिर तुझ्या चाकूनं. बारीक चिर, भरीत करायचंय."