पॉइंट नको म्हणणारा खेळ : रिजायनामधे ब्रायर बघितली त्याचा अनुभव

२०२४ च्या मार्चमधे ब्रायर आमच्या रिजायनाला होती. ब्रायर म्हणजे कॅनडाची पुरुषांची कर्लिंगची नॅशनल, १९२७ पासून चालू आहे, आणि कर्लिंग हा आमच्या सस्कॅचेवान प्रांताचा अधिकृत खेळ आहे हे मला इथे राहायला येऊन दोन वर्षं झाल्यावर कळलं. ऑफिसमधल्या एकाला जमत नव्हतं म्हणून त्याचं एका संध्याकाळचं तिकीट मी घेतलं. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, बर्फावर दगड ढकलतात ते बघायला पैसे मोजलेस?

ब्रँट सेंटरमधे जाऊन बसलो आणि पहिला धक्का म्हणजे एकाच वेळी चार मॅचेस चालू. चार पट्ट्या शेजारी शेजारी, त्याला शीट म्हणतात, प्रत्येकीवर दोन टीम, आणि टाळ्या कधी डावीकडून कधी उजवीकडून, मी मान वळवेपर्यंत तिकडचं संपलेलं असायचं. एकूण १८ टीम होत्या, त्यामुळे कोण कुठला हे जर्सीवरूनच वाचत बसलो. मधेच एका शीटवर सगळ्यांनी एकमेकांशी हात मिळवले आणि झाडू उचलून चालायला लागले, मला वाटलं काहीतरी भांडण झालं, पण लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. हरणार हे दिसलं की शेवटपर्यंत ताणत नाहीत, हात मिळवून मोकळे होतात, यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

खेळ वरवर सोपा आहे. वीसेक किलोचा ग्रॅनाइटचा दगड (असे दगड स्कॉटलंडच्या एल्सा क्रेग बेटावरून येतात, हे पण तिथेच कळलं) समोरच्या टोकाच्या गोलाकडे सरकवायचा, प्रत्येक टीमचे आठ आठ दगड झाले की एक एंड, म्हणजे एक डाव, संपला, ज्याचा दगड केंद्राच्या सगळ्यात जवळ त्यालाच पॉइंट. इतपत समजलं होतं. मग एका टीमच्या स्किपने, म्हणजे कॅप्टनने, शेवटचा दगड टाकायचा होता, गोलात समोरच्याचा एकच दगड, तो उडवून आपला तिथेच थांबवला असता तर सरळ एक पॉइंट. या बाबाने तो उडवला आणि आपलाही दगड मुद्दाम बाहेर घालवला. स्कोअर शून्य. आणि लोक म्हणतायत वा!

शेजारी एक आजोबा बसले होते, शेतकरी, थर्मास घेऊन आलेले. न राहवून त्यांना विचारलं, की पॉइंट मिळत होता तर घेतला का नाही. त्यांनी शांतपणे सांगितलं की शेवटचा दगड ज्याच्याकडे असतो त्याच्याकडे हॅमर असतो, आणि एंडला पॉइंट मिळवलास की पुढच्या एंडला हॅमर समोरच्याकडे जातो. शून्य झालं की हॅमर तुझ्याकडेच राहतो. म्हणून हॅमर हातात असताना एकच पॉइंट घेणं म्हणजे घाट्याचा सौदा, दोन मिळाले तर घ्यायचे नाहीतर एंड ब्लँक करायचा. आणि हॅमर नसताना पॉइंट काढला तर त्याला स्टील, म्हणजे चोरी, म्हणतात, ते सोन्याहून पिवळं.

माझं बालपण इचलकरंजीत कॅरमच्या क्लबात गेलंय, तिथे सोंगटी गेली की पाळी आपलीच राहते. इथे बरोबर उलटं. हे डोक्यात बसायला मला अख्खी संध्याकाळ लागली, पण बसल्यावर मी सरकणारा दगड बघायचं सोडलं आणि आधी स्कोअरबोर्डवर हॅमर कोणाकडे आहे ते बघायला लागलो, मग एकदम सगळं उलगडायला लागलं.

झाडूचं पण तसंच, मला वाटायचं बर्फ साफ करतात. बर्फ सपाट नसतोच, त्यावर पाण्याचे थेंब शिंपडून बारीक फोड मुद्दाम तयार करतात, दगड त्या फोडांवरून चालतो. सरकणाऱ्या दगडापुढे झाडूने जोरात घासलं की घर्षण कमी होऊन दगड लांब जातो आणि कमी वळतो. म्हणजे समजा स्ट्रायकर सुटल्यावर त्याच्या पुढे पुढे पळत बोरिक पावडर टाकायची परवानगी असती तर! आणि स्किप पलीकडून हार्ड हार्ड म्हणून घसा फाडत असतो.

त्याच आठवड्यात एका क्लबात नवशिक्यांसाठी सेशन होतं, तिथेही गेलो. डाव्या बुटाखाली गुळगुळीत स्लायडर, उजवा पाय हॅक नावाच्या रबरी आधारात, त्याला रेटून दगडाबरोबर घसरत जायचं. मी पहिल्यांदा दगड सोडून स्वतःच पुढे गेलो. चौथा दगड नीट सुटला पण पलीकडच्या हॉग लाइनपर्यंत पोचलाच नाही, आणि तिच्याअलीकडे थांबलेला दगड सरळ उचलून बाजूला ठेवतात, अपमानच. दोन दिवस मांड्या भरून आल्या होत्या, घासून खांदे वेगळेच.

फायनलची तिकिटं महाग वाटली म्हणून १० मार्चला घरी टीव्हीवर बघितली. आमची सस्कॅचेवानची माइक मॅक्युएनची टीम विरुद्ध न्यूफाउंडलंडचा ब्रॅड गुशू, जो २००६ ला ऑलिंपिक गोल्ड जिंकलाय. सस्कॅचेवानने शेवटची ब्रायर १९८० ला जिंकली होती, त्यामुळे आख्खं शहर आशा लावून बसलेलं. मॅक्युएन मुळात मॅनिटोबाचा, पण आजोबा म्हणाले होते, सध्या तो आमचाच. गुशू ९-५ ने जिंकला, सलग तिसरी आणि एकूण सहावी ब्रायर. मला खरंच वाईट वाटलं, आठवडाभरापूर्वी या खेळातलं ओ की ठो माहीत नव्हतं तरी.

रात्री आईचा फोन आला, हरलो म्हणून सांगितलं आणि हॅमर नसला की कसं अवघड होतं ते समजवायला लागलो. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे पॉइंट मिळाला की शेवटची पाळी जाते? मग एवढी मरमर करून तो मिळवायचा कशाला रे?"