आधी पत्ता, मग मॅक्रो

घरात स्मार्ट स्विच बसले की सगळ्यांना मॅक्रोची घाई होते. एक बटण दाबलं की हॉलचे दिवे बंद, पंखा मंद, फाटकाचा दिवा चालू. मलाही हे फार आवडतं. पण सुरुवात कुठून करू असं कुणी विचारलं, की मी त्याला आधी वही घ्यायला सांगते. घरातल्या प्रत्येक पॉइंटला पत्ता द्या. तो नीट दिला असेल तर मॅक्रो लिहायला एक संध्याकाळ पुरते.

मी अंबडच्या एमआयडीसीत कंट्रोल पॅनेलच्या वायरिंगचं काम करते. तारेच्या दोन्ही टोकांना फेरूल, म्हणजे नंबर छापलेली छोटी नळी, चढवल्याशिवाय आमच्याकडे पॅनेल टेस्टिंगला जात नाही. फेरूलवरचा नंबर तार कुठे लागते ते सांगतो. तार जळाली, नवी ओढली, तरी नंबर तोच राहतो. पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या रो-हाऊसमध्ये मी तीच शिस्त आणली आहे. पत्ता जागेचा असतो. त्या जागी आज कोणत्या कंपनीचा स्विच बसलाय, याच्याशी त्याचा संबंध नको.

ही गोष्ट जुन्या लोकांना बरोबर कळली होती. स्कॉटलंडमधल्या ग्लेनरोथेसच्या पिको इलेक्ट्रॉनिक्सने १९७५ साली एक्स-टेन ही पद्धत काढली. घरातल्या वीजवाहिनीतूनच निरोप जायचा. एसी विजेची लाट शून्यावरून जाते त्या क्षणी १२० किलोहर्ट्झचा छोटा झटका सोडायचा, की झालं. पत्त्यासाठी मॉड्यूलवर, म्हणजे दिव्याला निरोप पोचवणाऱ्या डबीवर, दोन गोल चकत्या असायच्या, एक ‘ए’ ते ‘पी’ अक्षरांची, दुसरी १ ते १६ आकड्यांची. एकूण पत्ते २५६. मॉड्यूल बिघडलं तर नवं लावायचं, स्क्रू-ड्रायव्हरने चकत्या पुन्हा ‘सी-५’वर फिरवायच्या, आणि सगळे मॅक्रो जसेच्या तसे चालायचे. शेजाऱ्यानेही तेच अक्षर ठेवलं असेल तर त्याच्या बटणावर तुमचा दिवा लागू शकायचा, हा त्यातला दोष. पण पत्त्याची कल्पना अगदी पक्की.

वाय-फायच्या स्विचमध्ये मात्र मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कमधली त्याची ओळख, चिपमध्येच भरून येतो, ४८ बिटांचा. स्विच बदलला की तोही बदलला. राउटर देतो तो आयपी पत्ता, म्हणजे घरच्या नेटवर्कमधला आकडा, तर कायमचा नसतोच. म्हणून मी राउटरमध्ये आयपीच्या शेवटी येणारे १०० ते १९९ हे आकडे पाहुण्यांच्या फोनसाठी मोकळे सोडलेत आणि घरातल्या उपकरणांना त्याखालचे आकडे बांधून दिलेत. त्यातला १९२.१६८.१.१० हा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचा. एमक्यूटीटी या निरोपांच्या पद्धतीचा ब्रोकर (निरोप पोचवणारा मध्यस्थ) आणि मॅक्रो चालवणारं होम असिस्टंट हे सॉफ्टवेअर, दोन्ही त्याच्यावर चालतात. सगळे स्विच आपणहून ब्रोकरकडे जातात, त्यामुळे बाकी आकडे इकडचे तिकडे झाले तरी चालतं, हा एक हलता कामा नये.

खरा पत्ता म्हणजे एमक्यूटीटीचा टॉपिक, निरोपावर लिहिलेलं नाव. माझी रीत अशी: मजला, खोली, बोर्डावरचा क्रमांक. ‘तळ-ओटा-०२’, ‘वर-जिना-०१’. टास्मोटामध्ये (स्विचच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) हेच नाव, होम असिस्टंटच्या एंटिटीला, म्हणजे तिथल्या त्या दिव्याच्या नोंदीला, हेच नाव, आणि डीबीच्या (घरातल्या एमसीबीच्या डब्याच्या) दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावरही हेच. होम असिस्टंटमध्ये ऑटोमेशन (मॅक्रोला तिथे हेच म्हणतात) करताना ‘डिव्हाइस’ निवडायचा सोपा पर्याय समोर येतो. तो घेऊ नका. त्यात त्या वस्तूचा आतला ओळख क्रमांक बसतो, आणि स्विच बदलला की ऑटोमेशन तुटतं. एंटिटीचं नाव वापरलं तर नव्या स्विचला जुनं नाव द्यायचं, बस.

आता मोटर. नाशिकच्या आमच्या भागात नळाला पाणी सकाळी येतं, ते खालच्या टाकीत पडतं, तिथून मोटरने वर चढवायचं. मॅक्रो असा आहे: खालच्या टाकीतल्या फ्लोटने (पाण्यावर तरंगणाऱ्या स्विचने) पाणी आहे म्हटलं आणि वरच्याने टाकी भरली नाही म्हटलं, तरच पुढे जा, मोटर चालू कर, वरचा फ्लोट उचलला गेला की बंद कर. एक एचपीची मोटर सुरू होताना खूप करंट ओढते, म्हणून स्विचच्या आतला छोटा रिले फक्त कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोठ्या करंटसाठीच्या स्विचची, कॉइल ओढतो, मोटरचा भार कॉन्टॅक्टर घेतो. यात कसर करू नका.

पण रास्पबेरी पाय बंद पडला तर? वाय-फाय गेलं तर? म्हणून शेवटचा पहारा स्विचच्या आतच हवा. टास्मोटात ‘पल्सटाइम’, म्हणजे आपोआप बंद व्हायची वेळ, १३०० ठेवलाय. त्याचा हिशेब असा की ११२च्या पुढच्या आकड्यातून १०० वजा करायचे, उरतात ते सेकंद. म्हणजे १२०० सेकंद, वीस मिनिटं. आमची टाकी त्याच्या आत भरते. काहीही झालं तरी विसाव्या मिनिटाला मोटर थांबते. आणि ‘पॉवरऑनस्टेट’ शून्य, म्हणजे लाईट जाऊन परत आली तर मोटर आपोआप सुरू होत नाही. वळवाच्या पावसात दहा वेळा लाईट ये-जा करते, तेव्हा याची किंमत कळते.

सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “मला मोबाईलवर काही देऊ नकोस गं, ओट्यापाशी बटण दे.” दिलं. साधं घंटीचं बटण, पण ते थेट मोटरच्या स्विचच्या इनपुटला जोडलंय. नेटवर्क मेलं असलं तरी त्यांच्या बोटाने मोटर चालू होते आणि बंद होते. घरातलं भिंतीवरचं एकही बटण मी निकामी केलेलं नाही. करूही नये, असं माझं ठाम मत आहे.

रात्रीचा मॅक्रो सोपा आहे: सगळे दिवे बंद, देवघराचा आणि फाटकाचा सोडून. जिन्याच्या दिव्याला मात्र ‘रीस्टार्ट’ मोड दिलाय, म्हणजे कुणी पुन्हा बटण दाबलं की तीन मिनिटं नव्याने मोजली जातात. मोटरला नेहमीचा ‘सिंगल’च बरा. मॅक्रो चालू असताना कुणी तो पुन्हा सुरू केला तर दुर्लक्ष.

पुढचं काम गीझरचं. नाशिकची थंडी पडायच्या आत दोन किलोवॅटसाठी सोळा अँपिअरची वेगळी लाईन ओढायची, पुन्हा कॉन्टॅक्टर लावायचा. ‘वर-न्हाणी-०३’ हा पत्ता कागदावर आधीच लिहून ठेवलाय.