अल्बुकर्कीचे बलून आणि आमचं भरतकामाचं दुकान : आमची वाटचाल

आमचं दुकान एम्ब्रॉयडरीचं. टोप्या, जॅकेटं, पॅच (कपड्यावर लावायचे भरतकाम केलेले कापडी बिल्ले), बॅनर आणि बलूनवाल्यांच्या पिना, म्हणजे जाकिटाला टोचायचे छोटे बिल्ले. गाव अल्बुकर्की, अमेरिकेतलं न्यू मेक्सिको राज्य. दर ऑक्टोबरात इथे नऊ दिवस बलून फिएस्टा भरते, माणसं घेऊन उडणाऱ्या गरम हवेच्या मोठ्या फुग्यांची जत्राच, आमचं गिऱ्हाईक तिथलंच. इकडे भारतीय माणूस धंदा करतो म्हटलं की लोक आधी विचारतात मोटेल कुठलं, मग मी म्हणते मोटेल नाही हो, मी इचलकरंजीची, पप्पांचे माग होते, आम्हाला कापड सोडून काही कळत नाही.

नवऱ्याची नोकरी शेजारच्या रिओ रांचोला, म्हणून इथे आलो. माझ्या व्हिसावर काम करायला परवानगी नव्हती, ग्रीन कार्ड येईपर्यंत घरीच. पण सेवा करायला कोण अडवतंय, म्हणून ऑक्टोबरात फिएस्टाला आम्ही दोघं एका बलूनच्या क्रूमध्ये, म्हणजे पायलटला मदत करणाऱ्या टोळीत, नाव देऊन आलो. पहाटे चारला उठायचं, थंडीत कुडकुडत मैदानावर जायचं, बलूनचं कापड जमिनीवर पसरायचं, मोठ्या पंख्याने आत हवा भरायची, मग पायलट बर्नर पेटवतो आणि ते धूड हळूहळू उभं राहतं. त्याच्या टोकाला बांधलेला एक लांब दोर असतो, क्राउन लाइन म्हणतात, तो धरून मागे रेटून उभं राहायचं काम जरा वजनदार माणसाला देतात, ते आमच्या ह्यांना मिळालं (ह्यांना अजून तो अपमान वाटतो). मी मात्र कापडच बघत बसले. रिपस्टॉप नायलॉन. बारीक चौकड्या विणलेल्या असतात, थोड्या थोड्या अंतरावर जाड धागा, म्हणजे कुठे फाटलं तरी चीर पुढे पळत नाही. माग चालवणाऱ्याच्या पोरीला ते बघून जो आनंद झाला तो त्या बाकीच्या पाचशे बलूनकडे बघूनसुद्धा झाला नाही.

आता थोडा इतिहास, कारण आमचा धंदा त्याच्याच जिवावर उभा आहे. १९७१ साली सिड कटर नावाच्या इथल्या माणसाने आईच्या वाढदिवसाच्या पार्टीसाठी एक हॉट एअर बलून आणला, न्यू मेक्सिकोतला पहिला. मग इथलं केओबी रेडिओ स्टेशन ५० वर्षांचं होणार होतं, त्यांनी त्याला गाठलं की काहीतरी मोठं करूया. तोवर जगात एका ठिकाणी जास्तीत जास्त १९ बलून जमले होते तेही इंग्लंडात, हे म्हणाले आपण २१ जमवू. ८ एप्रिल १९७२, जागा कुठली तर कोरोनाडो सेंटर मॉलचा पार्किंग लॉट! हवा खराब, पोचले १३ बलून. म्हणजे विक्रम वगैरे काही झाला नाही, पण बघायला वीसेक हजार माणूस आलं आणि गावाला चटक लागली ती लागलीच. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत हॉट एअर बलूनची पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप इथे झाली. मग तारीख ऑक्टोबरात गेली कारण इथला ऑक्टोबर म्हणजे कोरडी थंड हवा, आणि बाहेर थंडी असली की आतल्या गरम हवेला उचल चांगली मिळते. १९७८ पर्यंत २७३ बलून झाले होते. त्याच ऑगस्टमध्ये इथल्याच तिघांनी, बेन अब्रुझो, मॅक्सी अँडरसन आणि लॅरी न्यूमन यांनी, डबल ईगल टू नावाच्या हेलियमच्या बलूनमधून अटलांटिक पार केला, तसं करणारे ते पहिलेच. त्यानंतर या गावाला दुसरं काही सुचलंच नाही असं मला वाटतं. इथल्या बलून म्युझियमला त्यातल्या दोघांचंच नाव आहे.

सगळे इथेच का येतात त्याचं खरं कारण वारा. त्याला इथे बॉक्स म्हणतात. रात्री डोंगरावरची थंड हवा खाली रिओ ग्रांडे नदीच्या खोऱ्यात उतरते आणि पहाटे जमिनीलगत दक्षिणेकडे सरकते, वर मात्र वारा उलटा, उत्तरेकडे जाणारा. बलूनला स्टिअरिंग नसतं, फक्त वर-खाली करता येतं, म्हणून पायलट खालून दक्षिणेला जातो, बर्नर मारून वर चढतो, वरच्या वाऱ्याने परत येतो आणि निघाला होता तिथेच आसपास उतरतो. रोज जमतं असं नाही. म्हणून अंधारातच डॉन पेट्रोलवाले मोजके बलून आधी वर जातात, ते कुठल्या उंचीवर कुठे वाहतात ते बघून बाकीचे ठरवतात. उन्हं चढली की हवा उसळायला लागते, खेळ संपला, नऊ-साडेनऊपर्यंत सगळे खाली.

तर धंदा. ग्रीन कार्ड आल्यावर गॅरेजमध्ये भरतकामाची एक सेकंडहँड मल्टी-नीडल, म्हणजे अनेक सुयांची, मशीन टाकली. तेव्हा सगळ्यांचा सल्ला एकच, अगं आठ-आठ लाख लोक येतात, टुरिस्टला टी-शर्ट विक. मी हिशेब केला. मैदानावरच्या स्टॉलचं भाडं, नऊ दिवसांचा धंदा, त्यात दोन दिवस वाऱ्याने गेले तर माल अंगावर, आणि छापील टी-शर्ट विकणारे आधीच रांगेने उभे. मला क्रू दिसत होता. एका बलूनमागे पाच-सात-आठ माणसं, सगळी हौशी, वर्षानुवर्षं तीच, आणि त्यांना काय पाहिजे तर आपल्या बलूनचं नाव असलेली टोपी. छापलेल्या टोप्यांचा रंग इथल्या उन्हात दोन सीझनमध्ये उडतो, पाच हजार फुटावरचं ऊन आहे ते. आम्ही रेयॉन सोडून पॉलिएस्टर धाग्यावर गेलो, चमक थोडी कमी पण रंग टिकतो. टोपी-जॅकेटचं कापड मात्र सुती, कारण बर्नरजवळ सिंथेटिक नको, वितळून अंगाला चिकटतं, हे कुठलाही जुना पायलट पहिल्या दिवशीच सांगतो. पहिली ऑर्डर आम्ही ज्यांच्या क्रूमध्ये होतो त्या पायलट आजोबांची, आणि त्यांच्या टोप्या बघून शेजारच्या बलूनची. जाहिरात अशी कधी करावीच लागली नाही.

पॅचचं एक सांगते, कारण लोकांना वाटतं कॉम्प्युटरला चित्र दिलं की मशीन भरतं. बलून म्हणजे उभ्या पट्ट्या, त्या वर जाऊन सगळ्या एका जागी मिळतात. तीन इंचाच्या पॅचवर त्या टोकाला बारा रंगांचा धागा एकावर एक चढतो, गाठोडं होतं आणि सुई तुटते. म्हणून डिजिटायझिंग करताना, म्हणजे कुठला टाका कुठे पडणार ते कॉम्प्युटरवर मशीनसाठी आखताना, पट्ट्या टोकाच्या जरा आधीच तोडायच्या आणि वर एका रंगाची छोटी टोपी बसवायची. खऱ्या बलूनला पण माथ्यावर पॅराशूट व्हेंट असतोच, गरम हवा सोडायला, त्यामुळे ते दिसायला बरोबरच दिसतं. गोल बलूनचं हे असं, आणि १९८९ पासून फिएस्टात स्पेशल शेप रोडिओ, म्हणजे तऱ्हेतऱ्हेच्या आकारांच्या बलूनचा कार्यक्रम, सुरू झाला त्यात तर गाय, मधमाश्या, काय वाट्टेल ते उडतं. गायीची शिंगं भरताना मशीनवर बसलेल्या माणसाची भाषा ऐकण्यासारखी असते.

पिना आम्ही बनवत नाही, बाहेरून करून घेतो, पण त्याच्याशिवाय इथे धंदा नाही. प्रत्येक बलूनची दरवर्षी आपली पिन, तिच्यावर साल. पायलट ती क्रूला देतो, पोरांना देतो, ज्याच्या अंगणात उतरला त्याला देतो, आणि लोक अदलाबदल करत फिरतात, अंगातलं जाकीट पिनांनी इतकं भरलेलं की चालताना आवाज येतो.

बरेच जण फाटलेला बलून शिवायला घेऊन यायचे. तिथे आम्ही हात जोडतो. बलून कायद्याने विमानच आहे, त्याला विमानासारखा रजिस्ट्रेशन नंबर असतो, किरकोळ सोडली तर दुरुस्ती मान्यता असलेल्या मेकॅनिककडे किंवा रिपेअर स्टेशनलाच करावी लागते. बॅगा, कव्हरं, उशा, हे सगळं आनंदाने शिवू.

इथे आल्यावर सुरुवातीला पप्पांना मी काय सांगते ते पटायचं नाही. २००५ च्या नोव्हेंबरमध्ये रेमंड कापडवाले विजयपत सिंघानिया मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरून हॉट एअर बलूनने २१ किलोमीटरच्या वर गेले, जागतिक विक्रम, आणि उतरले कुठे तर नाशिक जिल्ह्यात. पप्पांचा फोन, "काय गं, तुमच्याकडचं खूळ आमच्याकडं कसं काय आलं?" तेव्हापासून पप्पांना बलूनमधलं सगळं कळतं.

२००० साली इथे हजाराच्या वर बलून नोंदले होते, तो कळस. नंतर शहर वाढलं, उतरायला मोकळी रानं कमी झाली, म्हणून आकडा आवळला, आता पाच-सहाशेच्या आसपास. आमच्या दृष्टीने हे बरंच झालं. हजार ऑर्डरी आम्हाला झेपल्या नसत्या, आणि तेच तेच पायलट परत येतात म्हणून डिझाइन फाइलमध्ये असतं, फक्त साल बदलायचं.

२०२० ला कोविडमुळे फिएस्टा रद्द. काही जणांनी पिना आधीच मागवल्या होत्या, साल छापलेलं, आता काय करायचं? सगळ्या उचलल्या त्यांनी. न झालेल्या वर्षाची पिन म्हणून संग्राहक उलट जास्त मागे लागले. आम्ही सहा महिने मास्क शिवले. ते वर्ष मोजलंच नाही, २०२१ ची ४९वी धरली, आणि २०२२ च्या पन्नासाव्याला नेमका पाऊस, कितीतरी सकाळी उड्डाण नाही. टी-शर्टवाले डोक्याला हात लावून बसले होते. आमचा माल सप्टेंबरातच पोचता झालेला असतो, पैसे आलेले असतात. २०२३ ला फिएस्टा चालू असतानाच १४ ऑक्टोबरला कंकणाकृती सूर्यग्रहण, भर सकाळी अंधारून आलं आणि मैदानावर बर्नर पेटले. त्या वर्षी अंगठीसारखा सूर्य प्रत्येकाला पॅचवर पाहिजे होता, पिवळा धागा संपला.

पेणच्या मूर्तिकारांचं जसं गणपती गेले की पुढच्या गणपतीचं सुरू, तसं आमचं. नोव्हेंबरात फाइली आवरायच्या, जानेवारीपासून नवीन डिझाइनं, पिनांचं मेअखेर पक्कं, टोप्या-जॅकेटं ऑगस्टपर्यंत. सध्या चार मशीन, आम्ही दोघं आणि तीन बायका, त्यातली एक सोलापूरची आहे, जावयाकडे आली होती ती इथलीच झाली. नवऱ्याने नोकरी सोडली नाही आणि सोडूही नये, हेल्थ इन्शुरन्स त्याच्यावर आहे. कोणाला ऑक्टोबरात यायचं असेल तर हॉटेलं आतापासून बघा, दर तिप्पट होतात. आणि क्रूमध्ये नाव द्यायचं असेल तर दुकानात विचारा, माणसं नेहमीच कमी असतात, विशेषतः क्राउन लाइनला.