सोलिच की कॅलाहन? आकडे आधी तोडून बघा

अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे (अमेरिकन फुटबॉल, आपला सॉकर नव्हे) एकामागोमागचे दोन कोच आणि त्यांचे विजय-पराभव: फ्रँक सोलिच ५८-१९, बिल कॅलाहन २७-२२. नेब्रास्काच्या कॉलेज फुटबॉलवर बोलणारे पुण्यात मोजकेच, पण त्यांच्यातही हे दोन आकडे पुढे केले की वाद मिटल्यासारखं होतं. सोलिच सरस, हे मलाही मान्य आहे. किती सरस आणि कशात, ते मात्र या बेरजेतून कळत नाही.

आधी सोलिचची सहा वर्षं दोन भागांत तोडा. १९९८ ते २००१: ४२-९. २००२ आणि २००३: १६-१०. त्या काळी कॉलेजचा खेळाडू चार हंगाम खेळायचा, एखादं वर्ष बाहेर बसला तर पाच वर्षं संघात राहायचा. त्यामुळे नव्या कोचची पहिली तीन-चार वर्षं बरीचशी आधीच्या कोचने आणलेल्या पोरांवर निघायची. सोलिचला आधीचा कोच टॉम ऑस्बोर्न याचा संघ मिळाला होता. २००१ ची हाइझमन ट्रॉफी (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) जिंकणारा एरिक क्राउचसुद्धा ऑस्बोर्नच्याच वेळी आलेला. तो गेला आणि पुढच्या वर्षी ७-७. पुरुषोत्तम करंडकाला उतरणाऱ्या कॉलेजांना हे समजावून सांगावं लागणार नाही. तगडी बॅच बाहेर पडली की काय होतं ते त्यांना ठाऊक असतं.

तरीही २००३ मध्ये सोलिचने संघ ९-३ वर आणला होता, आणि त्याच वेळी त्याला काढलं. हा सरळ अन्याय होता. त्यानंतरचा बोल गेम (हंगाम संपल्यावरचा मानाचा सामना) बो पेलिनीने हंगामी कोच म्हणून जिंकला, म्हणून संघाची नोंद १०-३ दिसते. तो विजय सोलिचच्या खात्यात धरू नका.

कॅलाहनचं २००४ चं ५-६ मी त्याच्यावर निम्मंच लावतो. संघ ऑप्शनसाठी बांधलेला होता. ऑप्शनमध्ये क्वार्टरबॅक (चढाई चालवणारा खेळाडू) बॉल घेऊन बाजूला धावतो आणि मुद्दाम मोकळ्या सोडलेल्या डिफेन्सिव्ह एंडवर, म्हणजे समोरच्या बचावफळीच्या कडेच्या खेळाडूवर, नजर ठेवतो. तो अंगावर आला तर बॉल शेजारच्याकडे टाकायचा, नाही आला तर स्वतः घुसायचं. कॅलाहनने आणला वेस्ट कोस्ट ऑफेन्स, म्हणजे पासवर चालणारी चढाई: तीन किंवा पाच पावलं मागे जायचं आणि ठरल्या क्षणी छोटा पास टाकायचा. रविवारी पहाटे साडेपाचला नेब्रास्काचा लिंकनमधला घरचा रात्रीचा सामना लावून बसणाऱ्यांनी एकदा बॉल सोडून लाइनमनच्या, म्हणजे क्वार्टरबॅकपुढे भिंत धरणाऱ्या खेळाडूंच्या, पहिल्या पावलाकडे बघावं. धावायच्या खेळात ते पुढे पडतं, पासच्या खेळात मागे. वर्षानुवर्षं पुढे मुसंडी मारायला शिकलेल्या पोरांना एका उन्हाळ्यात मागे सरकत भिंत धरायला लावलं, तर गडबड होणारच. शिवाय पळण्यासाठी निवडलेल्या क्वार्टरबॅककडून अचूक पासची अपेक्षा!

पण ही सबब एक वर्ष चालते, फार तर दोन. २००५ ला ८-४, २००६ ला ९-५, इथवर गाडी रुळावर येत होती. २००७ ला, बहुतेक संघ स्वतः निवडलेला असताना, ५-७. त्या नोव्हेंबरात कॅन्ससकडून ३९-७६ असा मार खाल्ला. एवढे गुण देणाऱ्या डिफेन्सला ऑफेन्स बदलल्याचं कारण पुरत नाही.

पोरंच कच्ची होती असं म्हणायलाही जागा नाही. कॅलाहननंतर कोच झालेल्या पेलिनीने २००८ मध्ये बऱ्याच अंशी त्याच पोरांना घेऊन ९-४ केलं. २००९ मध्ये देशभर गाजलेला डिफेन्सिव्ह टॅकल (बचावफळीच्या मधला खेळाडू) एन्डामुकाँग सू कॅलाहननेच आणलेला होता. कॅलाहनला खेळाडू ओळखता येत होते, त्यांच्याकडून डिफेन्स उभा करून घेता आला नाही.