डाव्या हाताचं काम डाव्या पायाला

दुचाकीच्या अपघातात माझ्या डाव्या खांद्याजवळच्या नसा तुटल्या. ब्रेकियल प्लेक्सस इंज्युरी. तेव्हापासून तो हात नुसता लोंबतो. उजवा ठणठणीत आहे, पण गेमचा नेहमीचा कंट्रोलर दोन हात धरूनच बनवलेला: डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्याने इकडेतिकडे बघायचं, तर्जन्यांनी ट्रिगर दाबायचे. आता मी परत खेळतो म्हटल्यावर ओळखीतून लोक विचारतात, "कुठला कंट्रोलर घेऊ?" मी म्हणतो, ते नंतर बघू. कुठलं बटण शरीराचा कुठला भाग दाबणार, ते आधी ठरवा.

मला हे ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा जमवायला शिकवणाऱ्या) ताईंनी करायला लावलं. कागदावर कंट्रोलर काढला आणि उजव्या हाताला झेपतं ते एकेक खोडत गेलो. शेवटी डावी स्टिक (चालायची दांडी), डावा ट्रिगर आणि त्याच्या वरचं बटण उरलं. खांदा उडवून बटण दाबायची माझी कल्पना ताईंनी तिथल्या तिथे निकालात काढली. "मान धरेल तुमची. पाय आहेत ना?"

मग एक्सबॉक्स अॅडॅप्टिव्ह कंट्रोलर घेतला. मायक्रोसॉफ्टने तो २०१८ मध्ये आणला, तेव्हा अमेरिकेत किंमत ९९.९९ डॉलर होती. मावसभाऊ तिकडून येताना घेऊन आला. वर दोन मोठाली गोल बटणं आणि मागे ओळीने १९ भोकं, जुन्या हेडफोनची पिन बसते तशी, ३.५ मिलिमीटरची. एकेका भोकाला एकेक बटण नेमून दिलेलं. दोन्ही बाजूंना एकेक यूएसबी. डावीकडे लावलेली जॉयस्टिक गेमला डावी स्टिक म्हणून दिसते. (सगळ्या जॉयस्टिक चालत नाहीत, घेण्याआधी खात्री करा.) सोनीचा ॲक्सेस कंट्रोलर डिसेंबर २०२३ मध्ये आला, पण तो प्लेस्टेशन ५ साठी आणि त्याला अशी भोकं चारच. मला बाहेरून जोडायचंच जास्त होतं.

भोकांत लावायचे तयार स्विच परदेशातून मागवले तर खिसा रिकामा होतो. पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत आर्केडची (जुन्या गेम मशीनवरची) बटणं, भोकांत बसणाऱ्या मोनो पिना, वायर सगळं मिळालं, तेही फार स्वस्तात. बटणाखालच्या मायक्रोस्विचला तीन पाय असतात: कॉमन, एनओ (दाबल्यावरच कॉमनला जुळणारा) आणि एनसी (न दाबताच जुळलेला). वायरी कॉमन आणि एनओलाच जोडायच्या. एनसीला जोडली तर बटण न दाबताच दाबलेलं धरलं जातं आणि गेममधली गाडी ब्रेक मारून जागच्या जागी उभी. वायर धरायला भाची बसली, सोल्डर मी मारला.

खरा वेळ गेला तो बसवण्यात. जॉयस्टिक जमिनीवर ठेवली की पायाबरोबर सरकते. शेवटी घरातल्या जुन्या पाटावर ती स्क्रूने पक्की केली, शेजारी दोन बटणं, खाली रबराची चटई. दांडी पायाचा अंगठा आणि शेजारच्या बोटात धरतो. टाच टेकलेली हवी, नाहीतर पोटरीत गोळा येतो. पाय थोडा थरथरतोच, म्हणून गेममधला डेडझोन वाढवला. बारीक हालचालींकडे मग गेम लक्ष देत नाही.

उजव्या हातात नेहमीचाच कंट्रोलर असतो, मांडीवर टेकवलेला. एक्सबॉक्समध्ये कंट्रोलर असिस्ट (पूर्वीचं नाव कोपायलट) नावाची सोय आहे, तिने दोन कंट्रोलर मिळून एकच खेळाडू होतो. मला विचाराल तर नव्या डब्यापेक्षा हीच सोय जास्त मोलाची, कारण ती फुकट आहे आणि घरातलं कुणीही दुसरा कंट्रोलर धरून अडलेली बटणं दाबू शकतं.

सुरुवात फोर्झा होरायझन ५ या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमने केली. त्यात एकट्याने खेळताना खेळाचा वेग कमी करता येतो, पायाला सवय होईपर्यंत बरं पडतं. फुटबॉल अजून जड जातं. धावता धावता पास द्यायचा म्हणजे पाय आणि हात एकाच वेळी वेगळ्या दिशेला. दोन्ही गेमची बटणं वेगळी लावलीत, प्रोफाइल (साठवून ठेवलेली बटणांची मांडणी) एका बटणावर बदलतं. एक गाडीचं, एक फुटबॉलचं. आणखी एक भाचीने परस्पर स्वतःच्या नावाने करून ठेवलंय, ते पुसायची मला परवानगी नाही.